तळहाताएवढी काजळी

विज्मा रीगातल्या एका जुन्या चर्चमध्ये
भित्तिचित्रांवरची काजळी खरवडते.
तिला ठाऊक आहे,
पोपडा कधी एकटा सुटत नाही,
पाठीला थोडा निळा रंग घेऊन येतो.

म्हणून डॉक्टर कालेय्सनी कागदावर अंडाशय रेखाटलं,
आत पाच सेंटिमीटरची चॉकलेटी गाठ,
तेव्हा तिने धंद्यातलाच प्रश्न विचारला:
सोलताना रंग किती जाईल?

त्यांनी पेन खाली ठेवलं.
जाईल थोडा. किती, ते आत गेल्यावर.
नाही सोललं तर दुखणं राहील,
आणि गाठही काही उपाशी बसत नाही.

मार्चमधली पाळी
गरम पाण्याच्या पिशवीशिवाय गेली.
ओट्याशी उभी राहून ती राईचा पाव चावत होती,
कळ येण्याची वाट बघत.

एप्रिलमध्ये रिपोर्ट.
दोन पॉइंट एकचं शून्य पॉइंट नऊ.
ऐगर्सने आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जरा हळू.

उजवीकडची बारकी गाठ डॉक्टरांनी तशीच राहू दिली.
विज्माही प्रत्येक भिंतीवर
तळहाताएवढी काजळी ठेवते, मुद्दाम,
आधी काय होतं ते कळावं म्हणून.

आज त्या काळ्या चौकोनाशी
ती शिडीवरच बसून राहिली.
खाली कुणीतरी दिवे मालवत होतं.
थांबा, म्हणाली, मी आहे अजून.