खोडाभोवतीची

माझं काम झाडांना रंग लावायचं.
पांढरा ठिपका म्हणजे राहील,
नारिंगी फुली म्हणजे जाईल.
बेस्कीडच्या या उतारावर अकरा वर्षं झाली,
पांढरा डबा अजून पहिलाच चाललाय.

कुण्या राजाच्या काळी
अख्खा डोंगर एकाच जातीनं लावला:
स्प्रूस, स्प्रूस, स्प्रूस,
पंगतीला बसवल्यासारखे खांद्याला खांदा लावून.
आता त्या पंगतीतून वाढपी फिरतोय,
पण जमिनीखालून.

कुऱ्हाडीच्या टोकानं साल उचकटली
की आत पांढरा पापुद्रा, ओल्या कागदाचा,
पंख्यासारखा पसरलेला.
वास येतो ताज्या अळंबीचा.
मला तो आवडतो. ऑफिसात बोलत नाही.
मातीत काळ्या नाड्या, बुटाच्या असतात तशा.
पहिल्या वर्षी मला वाटलं कुणाची तरी तुटलीय,
ओढली, तर येतच राहिली,
या मुळापासून त्या मुळापर्यंत,
मग पुढच्या झाडाच्या.

वर शेंडा हिरवा असतो तोवर.
बुंध्याशी राळ ओघळते.
नवी पोरं म्हणतात, रडतंय.
मी म्हणतो, राळ आहे, लिहून घे.

माझी सासू गेनोवेफा
ऑक्टोबरची वाट बघते.
आमच्याकडे हिला म्हणतात खोडाभोवतीची.
मधाच्या रंगाच्या टोप्या, घोसच्या घोस,
वरचीची पांढरी भुकटी खालचीवर सांडलेली,
गिरणीतून परतल्यासारख्या सगळ्या.
आखूड पात्याची सुरी, वेताची टोपली.
पहिलं पाणी उकळून ओतून द्यायचं, ते विषारी.
मग व्हिनेगर, मिरी, तमालपत्र.
"तुझी मेली की माझ्या बरण्या भरतात,"
ती म्हणते. चिडवत नाही, हिशेब सांगते.

एकदा रात्री ओंडक्यांच्या ढिगाशी
गाडी बंद पडली.
दिवे विझले तेव्हा दिसलं,
कुजकं लाकूड मंद हिरवं उजळत होतं.
कलीना म्हणाली, बाबांच्या घड्याळाचे काटे
असेच दिसायचे, त्यांच्या उशाशी.
आम्ही बराच वेळ
मदतीला फोन केला नाही.

यंदा सासूचा गुडघा सुजला.
काठी टेकत ती फाटकापलीकडे गेली नाही
सबंध महिना.
तरी सोमवारी टेबलावर टोपली, काठोकाठ.
"आज लांब जावं लागलं नाही," म्हणाली.

मी खिडकीतून बघितलं.
नासपतीचं झाड. सासऱ्यांनी लावलेलं,
कलीना जन्मली त्या वसंतात.
यंदा कधी नव्हे इतकी लगडली होती,
बारकी बारकी फळं, पानांपेक्षा जास्त.
शेजारी म्हणाले, काय बरकत!
जाणारं झाड असंच करतं,
घाईघाईत देऊन टाकतं.
मला कळायला हवं होतं.
दुसऱ्यांच्या झाडांचं मला लगेच कळतं.

तिनं पहिलं पाणी मागच्या दारी ओतलं.
कांदा चिरला. लोणी सोडलं.
पाठमोरीच विचारलं,
"गाडीत डबा आहे का?"
कुठला?
"नारिंगी."
आहे, म्हटलं.
"असू दे. आधी जेव."

तिनं ताट पुढं सरकवलं.
चव चांगली होती.