नुसता घर सांग

संध्याकाळी लिलाव उरकल्यावर
भिवाकाका कांदळगावकर, सोसायटीचे चेअरमन,
पेपरात गुंडाळलेली सुरमई घेऊन आले
आणि माझ्या टेबलावर ठेवली,
जिथे डबे लुकलुकतात, तारा उतरतात,
जिथून कोळंबच्या खाडीपर्यंत साऱ्या वाडीला नेट जातं.

"नाव नको गो. नुसता घर सांग."

सोसायटीची तक्रारपेटी आता मोबाईलवर आहे,
चावी माझ्याकडे.
परवा रात्री तिच्यात कुणी टाकलं होतं:
डिझेलच्या परताव्याचे पैसे कुठे अडकले?
तीन ओळी, एक रक्कम, शिवी एकही नाही.
खाली नाव नाही.

रोज सकाळी मी ती पेटी निवडते
रापणीत आलेलं निवडावं तशी.
आई-बहीण बाजूला, जात काढलेली बाजूला,
उरेल ते मीटिंगला वाचायचं. एवढंच काम.
पण प्रत्येक ओळीच्या शेपटाला
एक आकडा चिकटून येतो, तीन ठिपक्यांनी तोडलेला.
लिहिणाऱ्याला तो दिसत नसे. मला दिसे.
होडीच्या नाळीवर नंबर असतो
तो मालकानेच रंगवलेला, लांबून वाचता यावा म्हणून.
हा तसा नव्हे.
हा हाताला राहिलेला बोंबलाचा वास,
ज्याच्या हाताला येतो
त्याला सोडून सगळ्यांना कळणारा.

एकदा मी पाहिलं होतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री
सुलभा मेतरवर कुणी घाण लिहिली.
नवरा परत न आलेली बाई,
बर्फाच्या कारखान्यात हिशेब ठेवते.
मी ते पुसलं. तिथे थांबायला हवं होतं.
पण आकडा उचलला, कनेक्शनची वही उघडली,
बोट सरकवत गेले, जोगी, पराडकर, खवणेकर,
आणि बोट थांबलं
ते आमच्याच घरावर.

त्या आकड्याखाली पाच माणसं.
बाबा, ज्यांना टाइप करता येत नाही.
आई. धाकटा विनय.
माडीवर भाड्याने राहणारे शाळेचे सर.
आणि मी.
त्या रात्री मी ताटांकडे नाही,
बोटांकडे बघत जेवले.
विनयने आमटी मागितली,
मी वाढली ती अर्धी पाटावर.
अजून मला माहीत नाही.
अजून तो हसून काही बोलला
की मी आधी संशय घेते, मग हसते.
घर कळलं, माणूस कळला नाही.
घर तेवढं गेलं.

त्याच आठवड्यात मी सगळी खालची वाडी
एकाच आकड्यामागे आणली.
आतली कुठलीही नोंद ठेवायची नाही असं यंत्राला सांगितलं.
मालकाला कारण कळवलं: खर्च कमी.
खोटं नव्हतं ते.

यातलं काय सांगणार काकांना?
म्हटलं, "काका, आकडा एकच आहे,
आणि त्याच्यामागे बत्तीस घरं."
"बत्तीस?"
"तुमचंही धरून."
"म्हंजे माझा पन?"
त्यांनी खिशातला फोन काढला,
उलटा करून पाठीमागे पाहिलं,
जणू तिथे काही लिहिलेलं असेल.
मग सुरमई उचलली. दारापर्यंत गेले.
परत येऊन ठेवली.
"ऱ्हवांदे. बर्फ नाय, खराब होतली."

मी ती शिजवली नाही. टाकवलीही नाही.
शेजारच्या पराडकरीणबाईंना दिली,
कुठून आली ते न सांगता.

सकाळी पेटीत एकच ओळ होती:
चेअरमनची सुरमई काल कोणाच्या टेबलावर होती?

बोट सवयीने शेपटाकडे गेलं.
तिथे तोच आकडा, बत्तीस घरांचा,
आणि समोर रस्त्यावरून
दूध घेऊन जाणारे, जाळं खांद्यावर टाकलेले,
सगळेच माझ्या खिडकीत बघत होते.
किंवा कुणीच नव्हतं बघत.

शिवी नाही, जात नाही, आई-बहीण नाही.
ठेवली.
रविवारच्या मीटिंगला
मलाच वाचायची आहे.