तेवीस, धन

कुलाबा, तळघर. रात्रीचे पावणेतीन.
निर्वात पेटीत भांडुपच्या मिठागरातला
नखाएवढा खडा,
पोशाकाकाने निवडून दिलेला.

आयन आला नि आरपार गेला,
कुणाला धक्काही न लावता.
फक्त वाटेवरचे इलेक्ट्रॉन उधळले.

तांब्यात आजूबाजूचे लगेच धावून येतात,
जखम दिसायच्या आत बुजते.
मिठात कुणी जागचं हलत नाही.
क्लोरीनची पकड सुटली,
धनाला धन सोसेना,
आणि कडेचा एक सोडियम
उडालाच.

गणकावर टिक.
वहीत मी लिहिते: तेवीस, धन.
पुन्हा टिक. मग बराच वेळ काही नाही,
पंपाची घरघर तेवढी.

उजाडता फोन येतो काकाचा,
"कवरा मीठ कारलास गो रातभर?"

"चारशे बारा."

"पाट्या?"