दोनशे शब्द

बंदीच्या दोन महिन्यांत होड्या वर ओढल्या.
ताडपत्रीखाली त्या, आणि तारामुंबरीच्या
सोसायटीच्या रिकाम्या बर्फ-गोदामात आम्ही:
सात बायका, दोन पोरगे, एक रिटायर्ड इंजिन-मेकॅनिक.
मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी.
बर्फाला वास नसतो म्हणतात. असतो.
वह्यांना अजून येतोय.

चिपकर मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या,
गावावर दहा ओळी लिहा.
मी लिहिलं: आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून
त्यास निळाशार समुद्रकिनारा लाभलेला आहे.
मुलीच्या गाइडातलं. सातवीच्या. जसंच्या तसं.
मॅडमनी 'निळाशार'खाली रेघ मारली,
खिडकीकडे बघितलं,
काही बोलल्या नाहीत.
खिडकीत खाडी होती, जुलैची, चहाच्या गाळासारखी,
आणि तिच्यावर तरंगणारी कुणाची तरी एक चप्पल.

मग कर्ता, कर्म, क्रियापद.
कुणी, काय, केलं.
लिलावाच्या वहीत बारा वर्षं मी हेच लिहितेय की:
कुबल, सुरमई, अकरा किलो.
फक्त क्रियापदाला तिथं जागा नसते,
रकाना संपतो.

परिच्छेद म्हणजे टोपली, मॅडम म्हणाल्या,
एका टोपलीत एकच मासा.
भिकाजी मेस्त्री हसले. मग आम्ही सगळीच.
टोपलीत काय काय येतं ते यांना कोण सांगणार?
बांगड्यांत मांदेली, मांदेलीत कुर्ली,
कुर्लीच्या नांगीत प्लास्टिकची दोरी.
"मग निवडा," मॅडम म्हणाल्या, "निवडता येतं ना तुम्हाला?"
येतं. पण वहीतलं निवडणं वेगळं.
तिथं टाकून दिलेलं मांजर नेत नाही,
रात्री उशाशी परत येतं.

आजचा विषय: माझ्या आयुष्यातील एक प्रसंग. दोनशे शब्द.
दुसरे प्रसंग नाहीत माझ्याकडे असं नाही.
पण पत्र्याच्या पेटीत तो कागद आहे,
पंचनाम्याची झेरॉक्स, घडीवर फाटलेली:
सदर इसम नौकेवरून पाण्यात पडून बेपत्ता झाला असून
शोध घेतला असता मिळून आला नाही.
एकच वाक्य. नऊ वर्षं मला वाटायचं,
शुद्ध मराठी म्हणतात ती हीच.

आज पेन्सिल घेऊन कर्ता शोधला.
सदर इसम.
शोध कुणी घेतला, ते नाही.
आम्ही घेतला होता. पाच होड्या, पार कुणकेश्वरापर्यंत.
पडला कसा, तेही नाही.

मी लिहिलं: माझा भाऊ जयवंत
पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला.
'उतरला' खोडलं.
तांडेलानं त्याला उतरवलं.
तांडेल म्हणजे माझ्या नवऱ्याचा मामा,
दर गणपतीला आमच्याकडे जेवायला असतो,
सोलकढी दोनदा मागून घेतो.
एक अक्षर आत घातलं
आणि पाटावर बसलेला माणूस बदलला.

पेनाला टोपण लावून बसले बराच वेळ.
सासू आतून म्हणाली, "इतक्यां काय लिवतस गो?"
"अभ्यास."

टोपण काढलं. जे होतं ते राहू दिलं.
शब्द मोजले, बोट ठेवून, मासे मोजतात तसे:
एकसष्ट.
मॅडम म्हणतील, वाढवा. तेव्हा काय वाजले होते,
कोण काय बोललं, हवा कशी होती.

हवा चांगली होती.
चौसष्ट.