गया

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये टेबलावर
हिलाल आप्पा, कांद्याचे लिलाव पुकारणारे.
तोंड एक बोटभर उघडतं; बाकीचं गुटख्याने शिवलं.
झोपवून चालणार नाही. नळी जागेपणीच.

फवाऱ्याची वाकडी चोच मी गालाआडून सरकवते.
"श्वास घ्या." दाबते.
"कडू."
पुन्हा धुकं. जिभेचं मूळ, टाळू, पडजीभ,
मग त्याच्याही मागे, जिथून हाक निघते.

"मना गया गया."
मी कणकवलीची. काय गेलं? कुठे?
रंजिता सिस्टर मास्कमधून हसते :
"गळा, मॅडम. गळा गेला म्हणतात."

नाकातून नळी उतरली, खोकलाही नाही.
आवाज आता माझ्याकडे ठेवलेला.
आप्पा हात उचलतात. एक बोट,
दोन,
तीन. सौदा पक्का.

मी भूल सोडते.