कलम नऊ

कलम नऊ मी स्वतः टाइप केलं होतं,
खाली दोनदा रेघ ओढून:
पाळीव प्राणी चालणार नाहीत.
आधीच्या भाडेकरूच्या मांजरानं
जिन्याचा गालिचा नासवला, त्या हिवाळ्यात.

मग वरच्या मजल्यासाठी ओडेसा प्रुइट आली.
हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर असते म्हणाली,
आणि तिच्या डाव्या गुडघ्याशी, पट्ट्यात, जुनिपर.
भुंकली नाही. हुंगलं नाही.
मीच अवघडून उभा.

"तीनशे डॉलर अनामत जास्त पडेल," मी म्हणालो,
"कुत्रीची."
"मिस्टर बिएलाक," ती म्हणाली,
"चष्म्याची किती घेता?"
आणि एक कागद पुढे केला.

रात्री भाचीनं तो वाचून दाखवला, फोनवर,
भात शिजायला ठेवल्यासारखी सावकाश:
वाट दाखवणारं जनावर पाळीव नव्हे.
भाडं नाही, अनामत नाही.
काही मोडलं तर भरपाई माग,
मोडेल म्हणून आधीच मागू नकोस.
घर माझं, हप्ते मी फेडले,
आणि नियम मला भाचीनं सांगायचे!

सही केली. घुश्शातच.

बफेलोचा बर्फ कुणाचं ऐकत नाही.
पहाटे पाचला फावडं घेऊन
मी फूटपाथच्या कडेपर्यंत वाट काढायचो,
कारण कड सापडली नाही तर
जुनिपर थांबायची, आणि मागे ओडेसा, आणि मागे बस.
नेहमीच्या मिठानं पंजे भाजतात म्हणे.
दुसरं मीठ दुप्पट महाग.
पावत्या ठेवल्यात मी. सगळ्या.

आठ हिवाळे.
काम चालू असताना हात लावायचा नसतो,
तो मी लावला नाही.

या मार्चमध्ये जुनिपर जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसली
आणि उठेना.
एप्रिलमध्ये नवा आला, ऑटो, काळा, तरणा, शिस्तीचा.
जुनिपर मात्र गेली नाही कुठं.
खिडकीतल्या उन्हात पडून असते,
पट्टा नाही, काम नाही.

म्हणजे आता ती पाळीव.
भाचीला विचारलं. "हो मामा," म्हणाली,
"आता कलम नऊ लागू होतं."

पहिल्या तारखेला ओडेसा भाडं घेऊन खाली आली.
पाकीट जाड लागलं हाताला.
मोजलं. तीनशे जास्त.
परत केले.

"दोन कुत्रे आहेत, मिस्टर बिएलाक," ती म्हणाली.
मी खिडकीकडे बघितलं, नीट बघितलं,
आणि म्हणालो,
"मला तर एकच दिसतो."

ती इतकी हसली,
की ऑटो, कामावर असूनही, वळून बघू लागला.