बोदातली फिरंग

हणबरट्टी साहेबांनी जुन्या धोतरातून सोडवून
ती माझ्या सहाणेपुढं ठेवली,
तेव्हा आधी आला तंबाखूचा वास.
लोखंड मागाहून दिसलं.

बेचाळीस इंच. मुठीपाशी अंगठ्याएवढी रुंद,
पुढं पुढं करंगळीहून बारीक.
बाभळीची मूठ, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"इलाही, धार लावू नको हं. नुसता गंज काढ.
तोही हळू."
धार लावायला आधी धार असावी लागते की ओ साहेब.
आमच्या घराण्यानं विळे परजले, खुरपी, अडकित्ते,
कारखाना सुरू झाला की उसाचे कोयते.
असं हत्यार मात्र पहिल्यांदाच मांडीवर आलं:
कडेला काही नाही,
सगळी हिंमत टोकात.

साहेब हिडकल धरणावर होते.
रोज सकाळी पाण्याची उंची लिहायचे.
आता तलवारी मोजतात, कन्नडमध्ये;
घासाघीस मराठीत करतात.
घरात अकरा आहेत. बारावीला जागा नाही,
असं बाईंनी सांगितलंय.

ही निघाली बुदिहाळ्यांच्या वखारीत, निपाणीतच.
गोव्याकडून कधी, कुणाच्या कमरेला घाट चढून आली,
ते वखारीला ठाऊक नाही.
वखारीला एवढंच ठाऊक की तोलाईदार
बोदात ती दांड्यापर्यंत खुपसायचा,
हिसका देऊन काढायचा, टोक नाकाशी धरायचा
आणि शेतकऱ्याकडं न बघता म्हणायचा,
"आत ओल आहे."
वरचा पाला सोन्यासारखा, पोटात माती,
असे कितीतरी बोद हिनं पकडले.
माणूस एकही नाही. निदान निपाणीत तरी.

रॉकेल, झिरो नंबरचा कागद, चादरीचं फडकं.
तिसऱ्या दिवशी पन्हळीत काहीतरी पळताना दिसलं.
चार पाय, शेपूट, पितळेचा एक कण अजून पाठीवर.
मी म्हटलं कोल्हा.
साहेबांनी भिंग लावलं, म्हणाले लांडगा.
मग पुढं अक्षरं. मी बोटानं चाचपत गेलो,
साहेब मोठ्यानं वाचत गेले: टोलेडो.
आणि थांबले.
त्यातला ई उलटा होता,
आरशात बघितल्यासारखा.

लांडगा एका देशाचा, गाव दुसऱ्या देशाचं.
ज्या लोहारानं हे कोरलं त्याला ते वाचता येत नव्हतं.
त्या गावाच्या नावाला भाव होता,
म्हणून नाव घातलं.
"म्हणजे नकली?"
"जुनी नकली," साहेब म्हणाले. "चारशे वर्षांची."
चहा आला तो निवून गेला.

माझ्या दुकानावरची पाटी संकेश्वरच्या पेंटरनं रंगवली,
दोन्ही लिप्यांत, एकाच बैठकीत.
त्यातल्या एकीत एक वेलांटी जास्त आहे.
बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक चुकलं नाही.
मी साहेबांना पाटी दाखवली.
ते आधी वाचून गेले, मग परत वाचली,
मग एवढे हसले की भिंग सहाणेच्या पाण्यात पडलं.

"ठेवणार मी हिला," ते उठताना म्हणाले.
"फक्त खरी मूठ मिळाली असती.
वाटीसारखी असते बघ, उपडी, जाळीची नक्षी,
बुडाला चौकोनी खाच, पातं आत जायला."
बिलाच्या पाठीवर त्यांनी ती काढून दाखवली.
वीस हजार देईन म्हणाले, तसाच कागद ठेवून गेले.

वखारीच्या मागं वॉचमनची गौराक्का राहते.
दर शुक्रवारी दिवेलागणीला ती ऊद जाळते,
जाळीच्या एका काळ्या वाटीत,
तीन साखळ्यांवर टांगलेल्या.
निखारा विझत आला की बुडाच्या खाचेतून
राखेची बारीक धार पडते,
आणि ती दर वेळी म्हणते,
"भोक कुणी पाडलं कोण जाणे, धूर मात्र झकास होतो."

त्या शुक्रवारी मी गेलो होतो, तिची विळी पोचवायला.
ती आत गेल्यावर खाचेत अंगठा घालून बघितला.
भाजलं.
बरोबर बसत होता.

विळीचे वीस रुपये घेतले
आणि घरी आलो.